कपाचा डाग

अर्जाच्या कोपऱ्यात कॉफीच्या कपाचा तपकिरी गोल उमटला होता आणि सह्यांचे चारही रकाने कोरे होते. टॅमसिन ब्रूसार्डने फेब्रुवारीत दिलेला हा रजेचा अर्ज तिला आज, मे महिन्यात, सार्जंट पर्सेलचा खण आवरताना सापडला.

तेव्हा तिकडे लुईझियानात तिची आई शेवटचे दिवस मोजत होती. "अर्ज कर्नलसाहेबांच्या टेबलावर आहे," सार्जंट रोज सांगायचा. मीच जाऊन विचारू का, असं तिने म्हटल्यावर तो हसला होता. "कर्नल तुझा मामा लागतो का? आधी मी, मग लेफ्टनंट, मग कॅप्टन. पायरी ओलांडायची नाही, ब्रूसार्ड!"

ती थांबली. आई थांबली नाही.

सार्जंट दारात आला. "काय गं, पलटणीत आणखी चार वर्षं राहायची सही करणार ना? महिनाभर टोलवतेयस. कर्नलसाहेब बाहेरच आहेत, थेट त्यांनाच सांग."

तिने अर्ज त्याच्या हातात ठेवला.


"पायरी ओलांडायची नाही, सार्जंट. आधी तुम्हालाच सांगते. मी सही करणार नाही."