गुलाबाचा दिवस

दवाखान्याचं दार उघडलं, डॉक्टरीणबाई कुणाकडे न बघता थेट आतल्या खोलीत गेल्या, आणि काउंटरवरच्या बाईनं मागच्या हवेत नाक फिरवलं.

"गुलाब!" ती शेजारी उभ्या मदतनीस बाईच्या कानात कुजबुजली. "अगं, चक्क गुलाब. नशीब काढलंस. जा, आत्ताच जा."

दातांच्या त्या दवाखान्याचं हवामान खातं काउंटरवर होतं. डॉक्टरीणबाई रोज सकाळी मन असेल तसं अत्तर लावून येत. लिंबाचा वास आला की घाई, कामापुरतं बोलायचं. चंदन म्हणजे बरा दिवस. कस्तुरी असली की समजावं, बाई घरून कुणाशी तरी भांडून आल्यात; मग खुर्चीतल्या पेशंटची आणि शेजारी उभ्या मदतनीस बाईची धडगत नसे. गुलाब क्वचितच लागायचा. मागच्या गुलाबाला त्यांनी सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं होतं.

मदतनीस आठवडाभर या वासाची वाट बघत होती. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि संध्याकाळी त्यांच्याजवळ बसणारी बाई काम सोडून गेलेली. दिवसभराऐवजी फक्त सकाळची पाळी मिळाली तरच तिची ही नोकरी टिकणार होती, आणि नोकरी टिकली तरच घर. तिनं हातमोजे काढले, केस सारखे केले आणि आतलं दार ढकललं.

डॉक्टरीणबाई खिडकीपाशी उभ्या राहून पांढरा कोट चढवत होत्या. खोलीभर गुलाब दरवळत होता.

"मॅडम, जरा बोलायचं होतं."

"बोल ना. अगं, उभी का? बस."

तिचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत या खोलीत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. तिनं वडिलांचं सांगितलं, पाळीचं सांगितलं. बाई मान हलवत ऐकत होत्या.

"भरवावं लागतं त्यांना?"

"हो मॅडम. उजवा हात उचलला जात नाही."

"अरेरे. आणि दुसरीकडे कुठं बघितलंस का काम?"

"कुठं बघणार? हेच आहे. हे गेलं तर आम्ही दोघं उघड्यावर पडू."

कस्तुरीसमोर ती हे मेली तरी बोलली नसती. पण गोड वासात माणूस गाफील होतो, आणि तीही झाली होती.

"अस्सं," बाई म्हणाल्या. त्यांनी ट्रेमधला छोटा आरसा उचलून दिव्याकडे धरला, पुसला आणि जागेवर ठेवला. "काल ते कवळीवाले आजोबा आले होते. खुर्चीत बसले आणि तोंड उघडायच्या आधी मला हुंगायला लागले. म्हटलं, काय हो आजोबा? तर म्हणतात, तुमच्या मदतनीस बाईंनी सांगून ठेवलंय, वास उग्र आला तर कारण काढून उठा आणि उद्या या."

मदतनीस बाई खुर्चीच्या कडेवर सरकली.

"असं आणखी किती जणांना सांगितलंस?"

"जे फार घाबरतात त्यांनाच, मॅडम."

"आणि मी कोण? म्हैस? आज दूध देते की लाथ मारते, ते बघून जवळ यायचं?"

आता मदतनीस बाईचंही डोकं फिरलं. इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं, आणि तिनं ते अडवलं नाही.

"मग काय करायचं होतं मी? कस्तुरीच्या दिवशी तुमचा हात जड होतो. माणसं रडत उतरतात खुर्चीतून. तुम्ही तोंडात बघत असता, तुम्हाला काय दिसणार? त्यांचे हात मी धरून ठेवते. नखं रुततात माझ्या मनगटात. दाखवू?"

"नको."

बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. त्यांनी कोटाची वरची गुंडी लावली.

"उद्यापासून येऊ नकोस. सकाळीही नको आणि संध्याकाळीही नको."

बाहेर काउंटरवर फोन वाजला, कुणीतरी उचलला. मदतनीस उठून उभी राहिली, पण तिचे पाय दाराकडे वळेनात. संध्याकाळी वडिलांपुढे ताट धरून काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. तिनं नकळत पुन्हा एकदा श्वास ओढून घेतला. गुलाबच होता, त्यात काही चूक नव्हती.

"पण मॅडम, आज तर..."

"आज तर काय? गुलाब?" बाईंनी मास्कची दोरी कानामागे अडकवली. मास्कच्या वर त्यांचे डोळे हसत होते. "बरोबर ओळखलंत तुम्ही दोघींनी. काल झोपताना ठरवलं, तुला काढायचं. सकाळी उठले तर इतकं प्रसन्न वाटत होतं, की दुसऱ्या बाटलीकडे हातच गेला नाही."