यंत्राला दिसलेलं

"तुम्ही लोकांची माणसं नेमत नाही, वाकणारी माणसं हुडकून काढता," द्वारका बनसोडे भर सभागृहात म्हणाली. नगररचना मंडळावर बिनपगारी सभासद म्हणून तिची नेमणूक झाली होती आणि पालिकेचे साहेब सत्काराची शाल घेऊन पुढे आले होते.

धोबीघाट पाडून पार्किंगचा मनोरा उभारायला ती वर्षानुवर्षं आडवी येत होती. अख्ख्या गल्लीचं पोट त्या घाटावर होतं. नेमणूक कळताच गल्लीने पेढे वाटले, पण तिला तो पेढा गिळवेना. मंडळासाठी तिनेही अर्ज केला होता, पण अर्ज करणारा पुढे कसं मत देईल, हे पालिकेचं भाकीत करणारं यंत्र आधीच सांगायचं आणि त्यावरूनच निवड व्हायची. आणि यंत्राने निवडलेल्या एकानेही आजवर पालिकेच्या विरोधात हात वर केला नव्हता.

"बाई, मान मिळतोय तर घ्या की," साहेब हसले. "यंत्राला तुम्ही पसंत पडलात."

"तीच तर भीती आहे. पैशाने मी फुटणार नाही, दमदाटी करून तर तुम्हीच थकलात." तिने शाल मागे सारली. "घरी माझा नवरा आहे, पोरगी आहे. त्यातल्या कुणाला काय होणार आहे, म्हणून मी घाट पाडायला हो म्हणणार आहे, असं यंत्राला दिसलंय? आधी ते सांगा, साहेब."