हळू बोला, डॉक्टर

तिला क्षय झाल्याचं कळलं त्याच दिवशी सासूबाईंनी तिची बॅग दाराबाहेर ठेवली. "माहेरून रोग घेऊन आलीस आणि माझ्या पोराच्या जिवावर उठलीस!" नवरा पाठमोरा उभा राहून नुसता खोकत राहिला. पुढे घटस्फोटही झाला.

औषधं पुरी करून ती ठणठणीत बरी झाली. नर्स होतीच, छातीच्या विभागात तिने मुद्दाम बदली मागून घेतली. तिथल्या बाकावर कधीतरी ती मायलेकं बसलेली दिसावीत, एवढीच तिची इच्छा होती.

आज ती दोघं दिसली. तोंडावर मास्क असल्याने तिला कुणी ओळखलं नाही.

डॉक्टरांनी मुलाचा एक्स-रे उजेडात धरला. "नवे डाग आहेतच, पण हे व्रण जुने आहेत. आधी कधी क्षय झाला होता?"

मुलाने आईकडे पाहिलं.

"झाला होता, लग्नाआधी," सासूबाई पुटपुटल्या. "बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या."

"म्हणजे तो दबा धरून बसला. घरात आणखी कुणाला झाला का?"

"छे, कुणालाच नाही. आणि जरा हळू बोला, डॉक्टर. नवी सून बाहेर बसलीय, तिला यातलं काही माहीत नाही."



नर्सने दार सताड उघडलं. "ताई, आत या. मला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही तरी ऐका."