तिसऱ्या टेबलावरचा माणूस

“मागचं सगळं अजून धूसर कर,” साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. “तो तिसऱ्या टेबलावरचा म्हातारा तर ओळखूच यायला नको.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी हेच, काल हेच, आज पुन्हा तेच!

“त्या म्हाताऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय, साहेब?”

“मी सांगतोय म्हणून कर.”

एवढं बोलून ते चालते झाले. कारण नाही, काही नाही. स्टुडिओत त्यांना सगळे धुकेसाहेब म्हणत, ते काही उगाच नाही.

दृश्य तसं साधं होतं. पुढे नायक-नायिका भांडताहेत, मागे गजबजलेलं हॉटेल. त्या दोघांना हिरव्या पडद्यासमोर वेगळं चित्रित केलं होतं आणि हॉटेल वेगळं, या कडेपासून त्या कडेपर्यंत लख्ख. दोन्ही तुकडे एकावर एक चढवायचे, मागचं किती धूसर ठेवायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे अंतराचा एक करडा नकाशा होता, जवळचं पांढरं, लांबचं काळं, आणि धूसरपणाचा एक आकडा होता. आकडा चार ठेवला की मागचे चेहरे ओळखू येत. अठरा केला की माणसं जाऊन नुसते ठिपके उरत. साहेबांना अठरा हवा होता.

आणि तिसऱ्या टेबलावर कपापुढे बसलेला तो म्हातारा तिचा बाप होता.

ही गोष्ट तिने स्टुडिओत कुणालाच सांगितली नव्हती. बापासाठी हट्ट धरते म्हणाले असते लगेच. पण हट्टच होता तो, आणि का नसावा? एकतीस वर्षं बाबा सिनेमात गर्दीतला माणूस म्हणून उभे राहिले. उन्हातान्हात उभे राहिले, ताप अंगात घेऊन उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांचा चेहरा पडद्यावर एकदाही धड दिसला नाही. आत्या तर तोंडावर विचारायची, “तुझा बाप सिनेमात असतो म्हणे. कुठल्या ठिपक्यात गं?” आणि बाबा हसायचे. लेकीला मात्र रडू यायचं, रडू आवरलं की राग यायचा.

आता बाबांचे गुडघे गेले होते. हा त्यांचा शेवटचा सिनेमा. त्या चित्रीकरणाहून ते आले तेच गप्प, न जेवता झोपले. शेवटचा दिवस, वाईट वाटणारच, असं ती धरून चालली.

आणि नशिबाने तेच दृश्य तिच्या टेबलावर आलं होतं! बाबा कप उचलतात, मान वर करतात आणि थेट समोर बघतात. थेट तिच्याकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती खुर्चीतून उठलीच होती. आता हा धुकेसाहेब त्या चेहऱ्यावर बोळा फिरवणार? मेले तरी फिरवू देणार नाही, असं तिने ठरवलं.

दुपारी दिग्दर्शक काम बघायला आले. साहेब कुणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेले, तेवढ्यात तिने संधी साधली. अठरावालं दृश्य बाजूला सारलं आणि चारवालं पडद्यावर लावलं.

“हे वेगळं आहे,” दिग्दर्शक पुढे झुकले. “मागे जीव आलाय. तो म्हातारा बघ, सरळ माझ्याकडेच बघतोय. मस्त! हेच ठेव.”

साहेब दारात येऊन उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“अहो, नको. तो माणूस…”

“तो माणूस काय?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “काही नाही.”

“मग झालं मंजूर,” दिग्दर्शक म्हणाले. “आत्ताच पुढे पाठवा. आता याला कुणी हात लावायचा नाही.”

ते गेल्यावर ती उठली. इतक्या वर्षांचा राग असा थोडाच पोटात राहतो!

“बघा, साहेब! माणसांचे चेहरे पुसायची फार हौस तुम्हाला. त्यांना घर असतं, लेकरं असतात, कधी मनात येतं का तुमच्या?”

साहेब चष्मा पुसत उभे राहिले. जिरली चांगली, असं मनात म्हणत तिने पिशवी उचलली.

घरी आली तेव्हा बाबा खिडकीपाशी मटार सोलत बसले होते. तिला कधी एकदा सांगते असं झालं होतं, पण तेच आधी बोलले.

“काय गं, ते हॉटेलचं दृश्य झालं का तुमचं?”

“झालं, बाबा. आजच मंजूर होऊन गेलं.”

“सुटलो बाई!” बाबांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. “मग आता सांगायला हरकत नाही तुला. अगं, एकतीस वर्षांत मी कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं नाही. आमच्या धंद्यात त्याहून मोठी नामुष्की नाही. नव्या पोरांना मीच दम भरायचो, बघितलंत तर उद्या येऊ नका म्हणून. आणि त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मान वर केली आणि बघितलं की सरळ त्याच्यात! दुसरा टेकही घेतला नाही मेल्यांनी, सेटच मोडला. आमची गर्दीतली सगळी माणसं जाणार गं तो सिनेमा बघायला.”

हातातली पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचेना.

“तुमचे साहेब होते तिथे. त्यांचे हातच धरले मी. म्हटलं, माझी लेक तुमच्याकडेच कामाला आहे, तिला यातलं काही कळू देऊ नका, पण माझा चेहरा तेवढा पुसून टाका. लगेच शब्द दिला त्यांनी. देवमाणूस हो!” बाबांनी हसून मटाराचे दाणे तिच्यापुढे धरले. “उद्या गेलीस की माझा नमस्कार सांग त्यांना.”