एक दगड जास्त

आमच्या समाजाच्या दफनभूमीचा इतिहास मी लिहिला. तीन वर्षं दर रविवारी जाऊन एकेक थडगं पुसलं, दगडावरची अक्षरं वाचली, वहीत उतरवली. माझे दगड भरले चारशे अकरा. म्हातारा रखवालदार मात्र चारशे बारावर अडून बसला. मग मीही इतिहासकाराच्या ऐटीत तळटीप ठोकून दिली: 'रखवालदाराची मोजणी चुकली असावी.'

पुस्तक छापून आलं. आईने चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं आणि विचारलं, "सगळे आलेत रे यात. तुझे बाबा कुठल्या पानावर आहेत?"



मांडीवर वही घेऊन तीन वर्षं मी ज्याला पाठ टेकून बसायचो, तो दगड बाबांचा होता.