पांढरे पट्टे

रंगाचा डबा घेऊन शालन शाळेच्या फाटकासमोर आली आणि जागीच थबकली. गतिरोधक नव्हताच. होतं ते नुसतं काळंभोर, ताजं डांबर.

याच जागी तिच्या आठ वर्षांच्या रेणूला ट्रकने उडवलं होतं. त्यानंतर शालनने तीन वर्षं महापालिकेचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे तो वीतभर उंचवटा झाला. लेक गेली त्या तारखेला, दरवर्षी, ती त्याच्यावरचे पांढरे पट्टे स्वतःच्या हाताने रंगवायची.

"पुढल्या आठवड्यात सायकलची मोठी शर्यत आहे, मावशी," रस्त्याच्या कामावरचा मुकादम म्हणाला. "परदेशातून पाहुणे येणार. त्यांच्या पोटातलं पाणी हलता कामा नये. शर्यतीच्या वाटेवरचे सगळे गतिरोधक काढलेत."

"पाहुणे गेल्यावर परत घालाल ना?"

"त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागेल."

शालनने पदर खोचला आणि गुडघे टेकून त्या सपाट डांबरावरच पट्टे ओढले. लांबून पट्टे बघून वाळूचा एक ट्रक हळू झाला. तिला जरा बरं वाटलं. पण दुपारी तोच ट्रक परत आला, तेव्हा ड्रायव्हरला ठाऊक होतं, खाली काहीच नाही. तो सुसाट निघून गेला.

शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं फाटकाकडे धावत सुटली. शालनने रिकामा डबा कडेला ठेवला आणि त्या पट्ट्यांवर, दोन्ही हात पसरून, ती स्वतःच उभी राहिली.