तिसरी पायरी

तटबंदीतल्या जुन्या गावातलं बापाचं घर लेकीने विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक जिन्याचं माप घेऊ लागलं, तसा तिचा म्हातारा गवंडी बाप सवयीने पुढे झाला आणि त्याने टेपचं दुसरं टोक धरलं. हल्ली त्याला लेकही ओळखू येत नव्हती, पण हातांना काम आठवत होतं. "तिसरी पायरी दोन बोटं उंच आहे," तो नाक मुरडून म्हणाला. "कच्चं काम. फोडून नवी घाला." लेकीने कठडा धरला. चाळीस वर्षं प्रत्येक पाहुणा त्या पायरीला ठेचकाळला, तरी बापाने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. "बाई, गवंडी कोण होता हो?" म्हाताऱ्याने तिलाच विचारलं. "होता एक," ती म्हणाली. "ही बसवतानाच त्याला मुलगी झाल्याचा निरोप आला." म्हातारा हसला. "मग चुकणारच की," म्हणत त्याने टेपचं टोक सोडून दिलं.